पुस्तकांचं दुकान काढायचंय? आमच्या दोघींचा अनुभव

मी आणि माझी जाऊ तालुक्याच्या गावात पुस्तकांचं दुकान चालवतो. यंदा सहावं वर्ष. दुकान काढायचं म्हणून मुली विचारायला येतात, तेव्हा मी आधी त्यांच्यासमोर हिशेबाची वही उघडते.

कागदपत्रांना घाबरू नका. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही. दोघीच काम करत असाल तर दुकान कायद्याखाली ऑनलाइन सूचना दिली की भागतं. खरी गोम कमिशनमध्ये आहे. ३०० रुपयांच्या पुस्तकावर वितरक आम्हाला ३० टक्के सोडतो, म्हणजे ९० रुपये. त्यातले ३० गिऱ्हाइकाला सूट द्यायची. उरलेल्या ६० मध्ये भाडं, वीज, पार्सलचा खर्च. रोखीने माल उचलला तर कमिशन जास्त मिळतं, पण न खपलेला माल आपल्याच गळ्यात पडतो. पहिल्या वर्षी दिवाळी अंक आम्ही उसने पैसे आणून असेच रोखीने घेतले आणि डिसेंबरात गठ्ठे तसेच पडून होते. जाऊबाईंनी बांगड्या मोडून ती उसनवारी फेडली. ते मला अजून लागतं. आता माल परतीच्या बोलीवरच घेतो, आणि परतीची तारीख बिलावर लिहून घेतो.

आमचं दुकान तगलं ते बायकांमुळे. एक ताई दर शनिवारी बाजाराच्या पिशव्या खाली ठेवून एकच कादंबरी उभ्याने वाचायच्या. मी स्टूल दिलं. महिन्याभराने म्हणाल्या, "घ्यायची आहे हो, पण फोनवरून पैसे दिले की यांना मेसेज जातो. मग कशाला, किती, सगळं सांगत बसा." पन्नास-पन्नास रुपये रोख देत त्यांनी ती घेतली आणि ठेवली आमच्याच कपाटात. म्हणून सांगते, फोनवरून पैसे घ्या, पण गल्ल्यात सुटे ठेवाच.

त्यांच्यामुळेच पुस्तक भिशी सुचली. बारा जणी, महिना शंभर रुपये. चिठ्ठीत जिचं नाव निघेल तिने बाराशेची पुस्तकं निवडायची. आम्हाला दर महिन्याला ठरलेली विक्री मिळते, आणि त्या दिवशी बाराही जणी दुकानात येतात, एकमेकींना पुस्तकं सुचवतात.

गेल्या महिन्यात चिठ्ठी त्या ताईंची निघाली. पाच पुस्तकं घेतली, कपाटातली कादंबरीही मागून घेतली. पिशवीत मेथीच्या जुडीवर सगळी नीट रचली आणि घरी गेल्या.