जुनी गाडी घेताय? बोनेट नंतर उघडा, आधी सीटबेल्ट ओढा

सेकंडहँड गाडी बघायला सुरुवात करायच्या आधी एक काम करा, त्याच मॉडेलच्या नव्या गाडीची आजची ऑनरोड किंमत काढा. कारण 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आलाय, वरचा सेस पण गेला (चार मीटरच्या आतल्या, पेट्रोल असेल तर 1200 सीसीपर्यंत, डिझेल 1500 पर्यंत). दोन-तीन वर्षं वापरलेल्या गाडीचा मालक अजून जुन्याच हिशोबाने भाव सांगत असतो, वर जुन्या गाडीच्या लोनला व्याज जास्त, सगळं धरलं की कधीकधी फरक इतका थोडा उरतो की नवीनच घेतलेली बरी.

फरक चांगला असेल तर पुढे. पण गाडी बघायला धावू नका, आधी फोनवर नंबर मागून घ्या आणि सरकारच्या एमपरिवहन ॲपमध्ये टाका. कितवा मालक, कोणत्या तारखेची पासिंग, इन्शुरन्स आणि पीयूसी कधीपर्यंत, आरसीवर बँकेचा बोजा आहे का, सगळं घरबसल्या दिसतं. जाहिरातीत फर्स्ट ओनर आणि ॲपमध्ये तिसरा, हे सर्रास चालतं. गाडी आधी टॅक्सी पासिंग होती का तेही विचारून बघा. ई-चलन बघायला चेसी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे लागतात, ते द्यायला माणूस का-कू करायला लागला तर तो विषय तिथंच सोडा. आणि हो, "डॉक्टरची गाडी आहे, सिंगल हँड, फक्त क्लिनिकला जायची" हे प्रत्येक गाडीबद्दल सांगतात, महाराष्ट्रात एवढे डॉक्टर नसतील.

बघायला जाताना दिवसाउजेडी जा आणि आधीच सांगून ठेवा की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोचल्यावर पहिला हात बोनेटवर ठेवायचा. गरम लागलं तर थंड इंजिनची एखादी तक्रार लपवायला आधीच चालू केली असू शकते, विचारा तरी.

आता मुख्य गोष्ट. इंजिन, क्लच, सस्पेन्शन हे सगळं पैसे टाकून दुरुस्त होतं, पण पुरात बुडालेली गाडी कितीही खर्च केला तरी धड होत नाही, कारण पाणी वायरिंगच्या जोडांमध्ये, एअरबॅगच्या सेन्सरमध्ये शिरतं आणि सहा महिन्यांनी, वर्षाने डॅशबोर्डवर बिघाडाचा एकेक दिवा लागायला लागतो. आपल्याकडे सांगली-कोल्हापूरला 2019 मध्ये आणि चिपळूणला जुलै 2021 मध्ये किती गाड्या पाण्याखाली गेल्या ते सगळ्यांनी बघितलंय. अशा गाड्या टोटल लॉस, म्हणजे इन्शुरन्सच्या हिशोबात पूर्ण निकामी, धरून लिलावात निघतात, कोणीतरी घेतो, धुतो, पॉलिश मारतो आणि लांबच्या जिल्ह्यात नेऊन विकतो. ओळखायची कशी? सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढा, अगदी टोकापर्यंत. रोज लागतो तेवढा भाग धुतलेला असतो, पण आत गुंडाळलेल्या शेवटच्या फूटभर पट्टीवर मातकट डाग किंवा पाण्याची रेघ राहते. मग सीट मागे सरकवून खाली टॉर्च मारा, सीटच्या रुळांवर आणि बोल्टवर गंज नको. डिकीतलं कार्पेट उचलून स्टेपनी काढा, तिच्या खड्ड्यात सुकलेला गाळ सापडतो. काचा बंद करून दोन मिनिटं आत बसा, कुबट वास आला किंवा उलट परफ्यूमचा नुसता घमघमाट असला तरी शंका घ्यायची.

ठोकलेली गाडी ओळखणं त्यामानाने सोपं. दाराचं रबर थोडं ओढून आतली कड बघा, कंपनीचे स्पॉट वेल्ड, म्हणजे वेल्डिंगचे ठिपके, एकसारख्या अंतरावर गोल गोल दिसतात, डेंटिंगवाल्याने केलेलं काम ओबडधोबड असतं. बोनेट आणि फेंडरच्या बोल्टचा रंग उडालाय म्हणजे ते कधीतरी उघडलेत. बंपर रंगवलेला असेल तर फार मनावर घेऊ नका हो, पुण्या-मुंबईत बंपर कोणाचा शाबूत राहतो, पण चेसीला मार असेल तर भाव कितीही उतरवला तरी नाही म्हणा.

मीटर मागे फिरवणं काही अवघड राहिलेलं नाही. म्हणून 35 हजार किलोमीटर दिसत असतील तर ब्रेक-क्लचच्या पॅडलचं रबर आणि स्टिअरिंग बघा, ते झिजून गुळगुळीत झालं असेल तर हिशोब जुळत नाही. टायरवर तो कधी बनला त्याचे चार आकडे असतात, 2319 म्हणजे 2019 सालचा 23वा आठवडा, त्यावरून टायर गाडीबरोबरचेच आहेत की मध्ये बदललेत ते कळतं. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरची हिस्टरी मागा, त्यात प्रत्येक वेळचे किलोमीटर लिहिलेले असतात. मालकाला सांगा काढून द्यायला.

चालवताना गाणी बंद, एसी बंद, आणि खराब रस्त्यावरूनच न्या, तो शोधायला आपल्याला कष्ट पडत नाहीत. धूर निळसर म्हणजे ऑइल जळतंय, गरम झाल्यावरही दाट पांढरा येत राहिला तर कूलंट आत जातंय. तरी शेवटी आपला ओळखीचा मेकॅनिक न्याच, त्याला हजार-पाचशे द्या. विकणाऱ्याने आणलेला मेकॅनिक चालत नाही. सीएनजी असेल तर किट आरसीवर चढवलंय का आणि सिलिंडरची दर तीन वर्षांची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची तपासणी) झालीय का एवढं बघा.

दिल्ली पासिंगची डिझेल स्वस्तात दिसते, कारण तिथं दहा वर्षांच्या डिझेलवर निर्बंध आलेले. पण इकडे आणताना तिथल्या आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला), परत इथला रोड टॅक्स, एमएच नंबर असं सगळं करायचं असतं, ते धरून भाव लावा.

पैसे देताना घाई नको. टोकन थोडंच द्या आणि त्याची पावती घ्या. फॉर्म 29 आणि 30, म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे आपले टीटी फॉर्म, यावर सही घेऊन गाडी तशीच वापरत राहायची ही सवय वाईट. 2018 मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलंय की अपघात झाला तर आरसीवर ज्याचं नाव तोच मालक धरला जाणार, म्हणून विकणाऱ्यालाही नाव ट्रान्सफर व्हायची घाई असायला हवी, त्याला नसेल तर का नाही ते विचारा. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 (आरसीवरचा बोजा उतरवायचा) हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम सोडू नका. एप्रिल 2019 च्या आधीची गाडी असेल तर एचएसआरपी पाटी (हाय सिक्युरिटी नंबर प्लेट) बसवलीय का बघा, नसेल तर आरटीओत काम अडतं.

डिलिव्हरी घेताना तारखेबरोबर वेळही लिहून दोघांनी सह्या करा, आधीची चलनं त्याची, नंतरची तुमची. इन्शुरन्स 14 दिवसांत नावावर करायला टाका. विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) त्याच्याकडेच राहतो, प्रीमियमचा तो फरक तुम्हाला भरावा लागेल. त्याचा फास्टॅग त्याला बंद करायला सांगून तुम्ही तुमचा घ्या. आणि दुसरी चावी आठवणीने मागा, "घरात असेल कुठंतरी" असं उत्तर आलं तर ती सापडेपर्यंत थोडे पैसे मागे ठेवा.