या चुका टाळा: कारखान्यातलं पर्यावरणाचं काम, कसायचं किती आणि धुंडाळायचं किती

"साहेब, आम्ही पाणी तीस टक्के वाचवलं आणि ईटीपी बिघडला." असा फोन मला वर्षातून दोन-तीनदा तरी येतो. कधी रबाळ्याहून, कधी पावण्याहून, कधी तळोज्याहून, म्हणजे नवी मुंबईच्या आसपासच्या कारखान्यांतून. जाऊन बघावं तर ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा संच, धडधाकट असतो.

हिशेब सोपा आहे. रोजचं सांडपाणी 100 घनमीटर, सीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) लिटरला 3000 मिलिग्रॅम, म्हणजे दिवसाला 300 किलो. आता फरशी आणि टाक्या धुण्याचं पाणी आवरलं, सांडपाणी 70 घनमीटरवर आलं. रिअॅक्टरमधून वाहून जाणारा माल मात्र तेवढाच राहिला. तेच 300 किलो कमी पाण्यात आले, आणि सीओडी लिटरला 4300 च्या घरात गेला. क्षारही तसेच दाटले, ते जैविक टाकीतल्या जिवाणूंना सोसेनात. सरकारी मर्यादा लिटरमागे मिलिग्रॅममध्ये असतात (नदी-नाल्यात सोडायच्या पाण्याला सीओडीची सर्वसाधारण मर्यादा 250), त्यामुळे चांगलं काम करून रिपोर्ट वाईट येतो. मग काही जण काय करतात, तर गुपचूप पाण्याचा व्हॉल्व पुन्हा सोडून सांडपाणी पातळ करतात. ते बेकायदेशीर तर आहेच, शिवाय वर्षभराच्या मेहनतीवर बोळा फिरवणं आहे.

हा फोन आला की मला कळतं, या लोकांनी आहे तेच शेत कसून कसून बांधापर्यंत नेलंय. पुढे नांगर घालायचा तर नवी जमीन फोडावी लागेल. म्हणजे दाट, खारट प्रवाह रिअॅक्टरपाशीच वेगळे काढा, त्यांची निराळी वाट लावा, नाहीतर प्रक्रियाच बदला.

व्यवस्थापनाच्या अभ्यासात याला एक्स्प्लॉयटेशन आणि एक्स्प्लोरेशन म्हणतात. अमेरिकन अभ्यासक जेम्स मार्च यांनी 1991 मध्ये यावर एक निबंध लिहिला. त्यातला मुद्दा कुठल्याही प्लांटच्या माणसाला लगेच पटेल: आहे ते सुधारण्याचं फळ लवकर आणि खात्रीने मिळतं, नवं शोधण्याचं फळ उशिरा मिळतं किंवा मिळतच नाही. म्हणून कंपनी स्वतःच्याही नकळत पहिल्याकडे कलत जाते. मी सोपं करून "कसणं" आणि "धुंडाळणं" म्हणतो. ठाणे-बेलापूर पट्ट्यात हे गणित कुठे चुकताना दिसतं, ते सांगतो.

दोन्हीला एकच फुटपट्टी

सगळ्यात जास्त वेळा दिसणारी चूक हीच. मीटिंगमध्ये अकाउंट्सचा माणूस विचारतो, "पैसे किती महिन्यांत परत?" कसण्याच्या कामाला हा प्रश्न अगदी योग्य आहे. कॉम्प्रेसरच्या लाइनला 7 बार दाबावर 3 मिलिमीटरचं भोक असेल तर साधारण साडेतीन किलोवॅट हवेत जातात. प्लांट चोवीस तास चालत असेल तर वर्षाला 25 हजार युनिटांच्या वर. तुमच्या बिलातला दर घ्या आणि गुणा. कंडेन्सेट (वाफ थंड होऊन झालेलं गरम पाणी) परत आणून बॉयलरच्या फीड वॉटरचं तापमान 6 अंशांनी वाढवलं की इंधन साधारण एक टक्क्याने कमी लागतं. ही कामं स्वतःचे पैसे काही महिन्यांत फेडतात.

आता त्याच तक्त्यात एखादा नवा उत्प्रेरक किंवा मेम्ब्रेनची चाचणी लिहा. "परतफेड" या रकान्यात काय भरणार? प्रामाणिक माणूस रकाना रिकामा सोडतो आणि प्रस्ताव फेटाळला जातो. चलाख माणूस खोटा आकडा भरतो, प्रस्ताव मंजूर होतो, आणि वर्षभराने सगळ्यांचं तोंड कडू होतं.

खाडीपलीकडच्या विक्रोळीचं उदाहरण बघा. ओझोनला मारक आर-22 वायू जाणार हे ठरल्यावर एसी बनवणारे बरेच जण आर-410ए कडे वळले. त्याने ओझोनचा प्रश्न सुटला, पण त्याची पृथ्वी तापवण्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 2000 पट. गोदरेजने 2012 मध्ये आर-290, म्हणजे चक्क प्रोपेन, वापरणारे एसी बाजारात आणले. त्याची ही क्षमता नगण्य, पण तो पेट घेतो. त्यामुळे वायूची मात्रा, गळती, दुरुस्ती करणाऱ्यांचं प्रशिक्षण, सगळं नव्याने बसवावं लागलं. त्यात जर्मन सरकारच्या हवामान निधीची मदत होती, म्हणजे जोखीम एकट्याच्या डोक्यावर नव्हती. पुढे 2016 मध्ये किगालीच्या करारात आर-410एच्या कुळातल्या वायूंवरही टाच आली. अठरा महिन्यांच्या परतफेडीच्या कसोटीवर असा प्रयोग पास झाला असता, असं मला वाटत नाही.

मी सुचवतो ते असं. धुंडाळण्याच्या कामाला दोनच प्रश्न विचारा: यात जास्तीत जास्त किती बुडू शकतं, आणि तीन महिन्यांनी आज माहीत नसलेलं काय कळलेलं असेल? पैसे बचतीतून काढा. गळती बुजवून वर्षाला जे वाचलं, त्याचा पाचवा हिस्सा चाचण्यांच्या खात्यात टाका. मालकाला तो खिशातून गेल्यासारखा वाटत नाही, हे अनुभवाचे बोल.

गळका प्लांट आणि चकचकीत झेडएलडी

ही उलट्या बाजूची चूक. माझ्या ओळखीच्या एका कंपनीने सांडपाणी बाहेर सोडायचंच नाही, म्हणजेच झेडएलडी, असं ठरवून आरओ आणि त्यामागे एमईई (वाफेने टप्प्याटप्प्याने पाणी उडवणारं यंत्र) असा मोठा संच घेतला. घेतला तो त्या दिवशीच्या सांडपाण्याच्या मापाने. त्या सांडपाण्यात गळके व्हॉल्व होते, विनाकारण चालू असलेले होज होते, कुलिंग टॉवरचं ओव्हरफ्लो होतं. पुढच्या दोन वर्षांत पाणी जवळपास निम्म्यावर आलं आणि एमईई अर्ध्या पोटी चालू लागला. लिटरमागे वाफ जास्त खाऊ लागला, बंद-चालू करताना नळ्यांवर क्षाराची पुटं चढू लागली.

आधी कसून घ्या, मग मापं घ्या, मग विकत घ्या. क्रम एवढाच.

जमतं तेच आणखी चांगलं करत राहणं

हा सापळा गोड असतो, म्हणून थोडा सविस्तर सांगतो.

रंगांचा कच्चा माल बनवणाऱ्या लहान कंपन्यांत नायट्रो संयुगाचं अमाइन करायला लोखंडाचा किस वापरायची जुनी पद्धत आहे, बेशां रिडक्शन. स्वस्त, सोपी, ऑपरेटरच्या हाताला बसलेली. यात लोखंडाचा काळा गाळ पडतो. हुशार मॅनेजर काय काय करतो बघा: चांगला फिल्टर प्रेस आणतो, गाळातलं पाणी घटवतो, गाळात अडकलेलं प्रॉडक्ट धुऊन परत काढतो. घातक कचऱ्याच्या गाड्या कमी होतात, पाठीवर थाप पडते, पोस्टर लागतं.

पण कागद-पेन्सिल घ्या. नायट्रोबेन्झीनचं अॅनिलिन करताना चार रेणूंमागे लोखंडाचे नऊ अणू लागतात. एक किलो अॅनिलिनमागे साधारण 1.9 किलो लोहऑक्साइड तयार होतं, तेही पूर्ण कोरडं धरून. हा आकडा अभिक्रियेतच आहे. फिल्टर प्रेस कितीही भारी आणा, त्याच्या खाली जाता येत नाही. या मर्यादेजवळ पोचलात की पुढचा प्रत्येक रुपया वाया.

इथे धुंडाळायचं म्हणजे हायड्रोजन आणि उत्प्रेरक. उपपदार्थ फक्त पाणी. मात्र अभिक्रिया प्रचंड उष्णता सोडते, दाबाचं भांडं लागतं, हायड्रोजन साठवावा लागतो. दोन शेडच्या लहान युनिटने हे अंगावर घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तेवढी एक पायरी हायड्रोजनेशनची सोय असलेल्या मोठ्या कंपनीकडून करून घ्यावी. (तिसरी वाटही आहे. गेल्या शतकात जर्मनीत याच गाळापासून विकण्याजोगे रंगद्रव्य बनवायची पद्धत बसवली गेली. एकाचा गाळ दुसऱ्याचा रंग. पण त्यासाठी गाळाची प्रत राखावी लागते, आणि आपल्याकडे तिथेच घोडं अडतं.)

तेव्हा कुठल्याही सुधारणेआधी तिचा सिद्धांतातला तळ काढा. तुम्ही तळापासून लांब असाल तर कसत राहा. जवळ असाल तर धुंडाळा.

पावसाळ्यातली चाचणी

ही माझीच चूक. जुलैमध्ये तुर्भ्याला एका नव्या जैविक प्रक्रियेची चाचणी लावली. सहा आठवडे आकडे सुंदर. मोठी टाकी बांधली. मार्चमध्ये सगळं कोसळलं. आपल्याकडे पावसाचं पाणी कुठून ना कुठून सांडपाण्याच्या गटारात शिरतंच, आणि मी सहा आठवडे पातळ पाण्यावर खूश होतो.

चाचणीत उन्हाळ्याचे दोन महिने हवेतच. नमुना चोवीस तासांचा मिसळलेला घ्या, आणि सगळ्यात वाईट बॅच ज्या दिवशी निघते तो दिवस चुकवू नका. विक्रेता बरोबर त्याच दिवशी सुट्टीवर असतो.

चाचणी कोणाच्या गळ्यात

"ईटीपीचा ऑपरेटर बघेल." झालं, चाचणी संपली. त्याची नोकरी आजचा रिपोर्ट मर्यादेत ठेवण्यावर आहे. नवी गोष्ट बिघडली तर शिव्या त्याला. टशमन आणि ओ'रायली या व्यवस्थापनाच्या अभ्यासकांनी 1996 मध्ये मांडलं की नव्या कामाचा विभाग वेगळा असावा, मात्र जुन्या आणि नव्या विभागांची गाठ वरच्या पातळीवर पक्की हवी. मोठ्या कंपन्या त्यातला पहिला अर्धा उचलतात: ऐरोलीच्या काचेच्या इमारतीत सस्टेनेबिलिटी टीम, आणि तिला ड्रेनचा नकाशा माहीत नसतो.

साठ माणसांच्या कंपनीला दोन विभाग परवडत नाहीत. तिथे काळाची वाटणी करा. वार्षिक शटडाऊनच्या आधीचे दोन महिने चाचणीचे, बाकी वर्ष कसण्याचं. चाचणीसाठी प्रॉडक्शनमधला एक अनुभवी माणूस पूर्ण मोकळा करा, आणि चाचणीचं पाणी बिघडलं तर वळवायला एक रिकामी टाकी ठेवा. ती टाकी नसेल तर कोणीही धाडस करणार नाही, आणि करूही नये.

नोटीस आल्यावर धुंडाळायला निघणं

ऑगस्ट 2017 मध्ये तळोज्यात निळी कुत्री दिसली, कासाडी नदीतल्या रंगाची बातमी देशभर गेली. अशा प्रसंगी पट्ट्यातली प्रत्येक कंपनी एकदम "नवं तंत्रज्ञान" शोधू लागते. पंधरा दिवसांच्या मुदतीत शोध होत नसतो, खरेदी होते.

परवानगी विसरणं

प्रॉडक्ट किंवा प्रदूषणाचा भार बदलणार असेल तर प्रदूषण नियंत्रण बोर्डाच्या कन्सेंटमध्ये (परवानगीपत्रात) बदल लागतो. चाचणी सुरू करण्याआधी विचारा, लेखी विचारा.

न थांबणं

सुरुवातीलाच तारीख आणि आकडा ठरवा: अमुक दिवसापर्यंत सीओडी इतका खाली आला नाही, तर बंद. ते न केल्यामुळे महाप्याच्या एका प्लांटमागे निळ्या ताडपत्रीखाली एक स्किड (चौकटीवर बसवलेला संच) चार वर्षं "चाचणीत" आहे. कोणी बंद म्हणत नाही, कोणी चालू करत नाही.

बंद करताना एक पानभर लिहून ठेवा: काय करून पाहिलं, कशाने अडलं, काय बदललं तर पुन्हा बघावं. वाफ महाग पडली म्हणून थांबलात, तर त्या दिवशीचा वाफेचा दर लिहा. पावण्याच्या एका कंपनीत असं पान निघालं. मधल्या काळात त्यांनी बॉयलरचं इंधन बदललं होतं, वाफ स्वस्त झाली होती. नवा मॅनेजर पान घेऊन खाली गेला आणि जुना पंप अजून फिरतो का ते बघायला फिटरला बोलावलं.