दुकानात लेखक बोलवायचाय? मग आधी शाल-श्रीफळ विसरा

जिल्ह्याच्या नाहीतर तालुक्याच्या गावात पुस्तकांचं दुकान असलं आणि लेखकाचा कार्यक्रम करू म्हटलं की पहिलं नाव निघतं ते पुण्या-मुंबईचं, टीव्हीवर दिसणारं, मग त्यांची तारीख मिळत नाही, मिळाली तर गाडी पाठवा, हॉटेल बघा, आणि शेवटी 'जाऊ दे, पुढच्या वर्षी बघू' म्हणून विषय तिथेच संपतो. माझं मत एकदम उलट आहे. कार्यक्रम आटोपून रात्री जेवायला घरी जाऊ शकेल असा लेखक बोलवा. लातूरला दुकान असेल तर लातूर-नांदेड-धाराशिव पट्ट्यात बघा, धुळ्या-जळगावात असाल तर खानदेशातच बघा, आणि सावंतवाडी-कुडाळवाल्यांनी तर पुण्याकडे डोळे लावून बसूच नये, तुम्हाला पणजी जवळ आहे आणि गोव्यात मराठीत लिहिणारे चांगले लोक आहेत, त्यांना कुणी सिंधुदुर्गात बोलावतं का हो?

जवळच्या लेखकाचा दुसरा फायदा म्हणजे बोली. अहिराणीतला संवाद, वऱ्हाडीतली शिवी, मालवणीतलं गाऱ्हाणं, भंडारा-गोंदिया-चंद्रपूरकडची झाडीबोली, हे सगळं कागदावर वाचताना लोक अडखळतात पण लेखकाच्या तोंडून ऐकलं की पहिल्या मिनिटाला हशा येतो आणि मग पुस्तक आपोआप उचललं जातं. हे काम पाहुणा सेलिब्रिटी करूच शकत नाही.

निवड कशी करायची तर सगळ्यात आधी एक अट, पुस्तक तुम्ही स्वतः वाचलेलं पाहिजे, निदान निम्मं तरी. लेखकाला ते दोन वाक्यात कळतं. मग गावातल्या वाचनालयाच्या ग्रंथपालांना विचारा की कुठल्या पुस्तकाला नंबर लागतात, त्यांच्याइतकी पक्की माहिती कुणाकडे नसते. दिवाळी अंकांच्या अनुक्रमणिका चाळा, आपल्या जिल्ह्यातली नावं हमखास सापडतात. आणि हो, स्वखर्चाने काढलेला कवितासंग्रह घेऊन 'माझा पण एक कार्यक्रम ठेवा' म्हणणारे दुकानात येणारच, त्यांना उडवून लावू नका, तीन-चार जणांची मिळून एक संध्याकाळ करा, प्रत्येकाला बारा मिनिटं, घड्याळ लावून. चौघांचे घरचे नि मित्र आले की दुकान भरतं, खरं सांगायचं तर विक्रीही बरी होते.

संपर्क करणं आता अवघड राहिलेलं नाही. पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानावर प्रकाशकाचा पत्ता-फोन असतो, बऱ्याचदा मागे लेखकाचाही असतो, आणि मराठी लेखक फेसबुकवर भरपूर असतात. पण थेट 'सर कार्यक्रमाला याल का' एवढंच टाकू नका. असं काहीतरी लिहा:

'नमस्कार सर, मी अमुक गावच्या पुस्तकाच्या दुकानातून लिहितोय. तुमची कादंबरी आमच्याकडे दिवाळीपासून सारखी मागतात, विहिरीवरच्या भांडणाचा भाग तर इथे फार आवडलाय. पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या शनिवारी संध्याकाळी ६ ते ७.३० दुकानात याल का? पाऊण तास वाचन आणि गप्पा, नंतर वाचकांना सह्या. तीस-चाळीस माणसं बसतील. सत्कार, भाषणं काही नाही. प्रवासखर्च आणि अमुक रुपये मानधन आम्ही देऊ. पुस्तकं प्रकाशकांकडून आम्हीच मागवू. जमेल का ते सवडीने कळवा.'

यात सगळं आलं, वेळ, माणसं किती, पैसे किती, पुस्तकं कोण आणणार. शनिवार का तर आपल्याकडचे निम्मे लेखक झेडपीचे शिक्षक, प्राध्यापक नाहीतर बँकेत, त्यांना मधल्या वारी रजा टाकायला लावू नका. शनिवार संध्याकाळ नाहीतर रविवार सकाळ.

मानधनाचा विषय निघाला की दुकानदार म्हणतात अहो आम्ही त्यांची पुस्तकं विकतोय ना. ठीके, पण तो माणूस आपला रविवार देतोय. फार नको, पाचशे-हजार असले तरी पाकिटात घालून द्या आणि आधी सांगून द्या, प्रवासखर्च मात्र पूर्ण द्या आणि तो त्यांनी मागायच्या आत द्या. एसटी स्टँडवर किंवा स्टेशनवर कुणीतरी न्यायला गेलंच पाहिजे, 'तिथून रिक्षा मिळते' हे सांगू नका.

तारखेचं गणित दुकानदारालाच कळतं म्हणून थोडक्यात सांगते. मे अखेर ते जुलै वह्या-गाईडांचा सीझन, तेव्हा दुकानात पाय ठेवायला जागा नसते, विसरा. दहावी-बारावीच्या परीक्षा चालू असताना पालक येत नाहीत. २७ फेब्रुवारी म्हणजे मराठी भाषा गौरव दिन, कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, आणि १४ ते २८ जानेवारी हा मराठी भाषा संवर्धन पंधरवडा, या दिवसांत प्रत्येक कॉलेजला एक लेखक हवा असतो त्यामुळे सगळे बुक असतात. एक युक्ती आहे, कॉलेजने त्यांना सकाळी बोलावलंच असेल तर प्राचार्यांशी बोलून संध्याकाळ तुम्ही घ्या, प्रवासखर्च वाटून जातो. १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन आणि २३ एप्रिलचा पुस्तक दिन हे त्यामानाने मोकळे. मला स्वतःला सगळ्यात आवडतो तो दिवाळीनंतरचा काळ, नोव्हेंबर-डिसेंबर, पाऊस नाही, थंडी छान, लोक नवीन अंक वाचून वाचायच्या मूडमध्ये असतात.

आता पुस्तकं. कार्यक्रम ठरला रे ठरला की प्रकाशकाला फोन करा, तारीख सांगा आणि प्रती परतीच्या बोलीवर मागवा, म्हणजे न विकलेल्या परत जातील. निदान तीन आठवडे आधी, कारण मराठीत आता आवृत्ती बऱ्याचदा पाचशेचीच असते, कधी त्याहून कमी, आणि ऐनवेळी 'स्टॉक संपलाय, नवीन आवृत्ती प्रेसमध्ये आहे' हे उत्तर मिळू शकतं. फक्त नवीन पुस्तक नको, त्याच लेखकाची जुनी दोन-तीनही मागवा, ज्याच्याकडे नवीन आहे तो जुनं घेतो. लेखक स्वतःच प्रकाशक असेल तर त्याच्या पिशवीतल्या प्रती मोजून घ्या, कागदावर लिहा, किती घेतल्या, छापील किंमत काय, आपलं कमिशन किती, आणि दोघांच्या सह्या करा. ओळखीत कशाला लिहायचं असं वाटतं पण ओळखीतच लिहायचं असतं.

हिशोब एकदा मांडून बघा म्हणजे नंतर मन खट्टू होत नाही. समजा २५० रुपयांचं पुस्तक, कमिशन ३० टक्के धरलं तर प्रतीमागे ७५ रुपये, वीस प्रती गेल्या तर १५०० सुटले. त्यातून प्रवासखर्च, मानधन, चहा वजा करा, काही उरत नाही, खिशातूनच जाईल थोडं. मिळतं ते नंतर. त्या दिवशी पहिल्यांदा दुकानात आलेली माणसं पुन्हा येतात, शाळेच्या ग्रंथालयाची ऑर्डर तुमच्याकडे वळते, आणि प्रकाशक तुमचा फोन उचलायला लागतो.

कार्यक्रमाला आपल्याकडे जो रोग लागलाय त्यावर जरा जास्त बोलते. पत्रिकेवर सहा वाजता. साडेसहाला दीपप्रज्वलन, त्यात वात पेटत नाही, पंखा बंद करा म्हणतात. मग स्वागतगीत. मग प्रास्ताविक. मग पाहुण्यांचा परिचय, म्हणजे सगळे पुरस्कार सालासकट वाचून दाखवायचे. मग शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, आणि ते लेखकाला एकट्याला नाही तर मंचावरच्या सगळ्यांना. मग प्रमुख पाहुण्यांचं मनोगत, ज्यांनी पुस्तक उघडलेलंही नसतं ते 'वाचाल तर वाचाल' वर वीस मिनिटं बोलतात. लेखकाच्या हातात माईक येतो तेव्हा सव्वासात झालेले असतात आणि मागच्या खुर्च्यांवरचे 'मुलाला क्लासवरून आणायचंय' करत सटकलेले असतात. शेवटी सूत्रसंचालक कानात सांगतात, सर जरा आटोपतं घ्या.

हे सगळं कापा. दुकानात मंच नकोच. टेबलाला एक खुर्ची लेखकाची, एक प्रश्न विचारणाऱ्याची, समोर सतरंजी आणि मागे जेष्ठांसाठी प्लास्टिकच्या खुर्च्या. दुकानदाराने दोन मिनिटं बोलायचं, तेही 'हे पुस्तक मला का आवडलं' एवढंच. आणि नगरसेवक, संस्थाचालक नाराज होतील त्याचं काय, हा प्रश्न खरा आहे, गावात राहायचंय. त्यांना आग्रहाने बोलवा, पहिल्या रांगेत बसवा, आणि सह्या सुरू झाल्या की पहिली प्रत त्यांना विकत घ्यायला सांगा. फोटो त्याचा येतो, सगळे खूश.

वाचनाचं म्हणाल तर खूप लेखक म्हणतात, मी वाचत नाही, मी बोलतो. त्यांना गोड बोलून वाचायला लावा, कारण बोलणं यूट्यूबवर पण मिळतं. कुठली पानं ते आधी फोनवर ठरवा आणि पहिल्या पानापासून अजिबात नको. संवाद असलेला, एखादा प्रसंग पुरा होणारा भाग घ्या, सात-आठ मिनिटांचे दोन तुकडे, मध्ये गप्पा. सलग पंचवीस मिनिटं गद्य ऐकायची आता कुणाला सवय नाही. कविता असेल तर उलट, कवीला सांगा की दोन कवितांमध्ये थांबा, प्रस्तावना छोटी करा. दुकान लहान असेल तर माईक कशाला, पण पंखे आणि रस्त्यावरचे हॉर्न यांचा आवाज आदल्या दिवशी त्याच वेळेला बसून ऐका आणि मग ठरवा. शटर अर्धं ओढलं तरी खूप फरक पडतो.

प्रश्नांच्या वेळी एक काका उठणारच, 'प्रश्न असा नाही पण थोडं मनोगत व्यक्त करतो'. आणि एक जण खिशातून घडी केलेला कागद काढून 'मी पण दोन ओळी केल्यात'. माईक तुमच्या हातात ठेवा, त्यांच्या हातात देऊ नका, आणि हसून म्हणा, काका सह्यांच्या वेळी सरांशी निवांत बोला. पहिला प्रश्न मात्र कुणाला तरी आधीच सांगून ठेवा, नाहीतर सगळे एकमेकांकडे बघत बसतात.

सह्यांचं टेबल काउंटरपासून वेगळं हवं. आधी काउंटरवर पैसे, क्यूआर कोडचा बोर्ड मोठा लावा आणि सुट्टे जवळ ठेवा, तिथेच पुस्तकात एक चिठ्ठी घाला ज्यावर घेणाऱ्याने आपलं नाव स्वतः लिहायचं. ही चिठ्ठी फार महत्त्वाची, कारण श्रुती, ऋतुजा, वैष्णवी ही नावं गर्दीत कानाने ऐकून लिहिताना लेखक चुकतो आणि शाईने लिहिलेलं खोडता येत नाही, प्रत वाया. लेखकाशेजारी एक मुलगा किंवा मुलगी बसवा, पुस्तक आतल्या शीर्षकाच्या पानावर उघडून पुढे सरकवायला. पेनं दोन-तीन ठेवा, गुळगुळीत कागदावर जेल पेन पसरतं, तिथे साधं बॉलपेन. सेल्फी सही झाल्यावर बाजूला उभं राहून, रांगेत नाही. आणि लेखकाला पाण्याची बाटली द्या हो, पाऊण तास बोललेला असतो.

माणसं जमवायची तर फ्लेक्सवर पैसे घालू नका. पुस्तक कशावर आहे त्या लोकांकडे जा. ऊसतोडीवर असेल तर साखर कारखान्यातले लोक, शिक्षक संघटना, किल्ल्यांवर असेल तर ट्रेकिंगचे ग्रुप, लेखक शिक्षक असेल तर त्याचे जुने विद्यार्थी, ते तर बायकोमुलांसकट येतात. व्हॉट्सअ‍ॅपवर ढकललेलं पोस्टर कुणी बघत नाही, त्यापेक्षा नेहमीच्या वीस-पंचवीस गिऱ्हाइकांना नाव घेऊन फोन करा. पेपरच्या स्थानिक पानासाठी शंभर शब्दांची बातमी तयार करून फोटोसकट तीन दिवस आधी पाठवा, ती जशीच्या तशी छापून येते. जवळ आकाशवाणी केंद्र असेल, सांगली, जळगाव, परभणी, रत्नागिरी अशा ठिकाणी आहेच, तर लेखक गावात येणार हे त्यांना कळवा, मुलाखत त्यांनाही हवी असते. रेकॉर्डिंग टाकायचं असेल तर लेखकाला विचारून आणि पूर्ण प्रकरण वाचलेलं असेल तर प्रकाशकालाही विचारून.

कार्यक्रम संपला की घाई करून सगळ्या उरलेल्या प्रतींवर सह्या घेऊन ठेवायचा मोह होतो, तो आवरा. सही केलेली प्रत प्रकाशक सहसा परत घेत नाही. आठ-दहा घ्या, 'लेखकाच्या सहीची प्रत' अशी पट्टी लावून काउंटरवर ठेवा, लग्न-वाढदिवसाला लोक तीच उचलतात. बाकीच्या कोऱ्या प्रती आठवड्यात पार्सल करा, हिशोब महिन्याच्या आत चुकता करा, आणि लेखकाला किती प्रती गेल्या तो आकडा फोन करून सांगा, कमी असला तरी सांगा.