टीनएज म्युझिकल लहानग्यांना दाखवायचा का?

गाणी गोड आहेत म्हणून सिनेमा लहान मुलांचा ठरत नाही. १९७८चा ‘ग्रीस’ घ्या. अमेरिकेत त्याला पीजी (म्हणजे पालकांच्या मार्गदर्शनाने पाहावा असं) प्रमाणपत्र मिळालं होतं, पण पीजी-१३ (तेराखालच्या मुलांबाबत जास्त सावध करणारा) हा वर्गच मुळी १९८४ मध्ये आला; तेव्हा जुन्या शिक्क्यावर विसंबू नका. त्यात सिगारेटी आहेत, रिझो या शाळकरी मुलीला दिवस गेल्याची धास्ती आहे आणि गाडीवरच्या त्या धमाल गाण्याचे शब्द तर चांगलेच चावट आहेत. गाण्यांचे बोल आधी वाचाच, कारण मुलं नंतर तेच दिवसभर घोळवत बसतात. सात-आठ वर्षांच्या मुलांना २००६चा ‘हायस्कूल म्युझिकल’ बिनधास्त दाखवा: बास्केटबॉल, ऑडिशन, थोडं लाजरं प्रेम, बस्स. ‘ग्रीस’ तेरा-चौदाव्या वर्षी, तोही तुम्ही शेजारी बसून.