लिब्रेऑफिस रायटरमध्ये मजकुराची मूळ शैली कशी ठरवावी

लिब्रेऑफिस या मोफत सॉफ्टवेअर-संचातील रायटर या लेखनाच्या प्रोग्राममध्ये नवा दस्तऐवज उघडल्यावर अक्षरांचा फॉन्ट, त्यांचा आकार आणि ओळींमधील अंतर कसे असेल, हे मुख्यतः ‘डीफॉल्ट पॅराग्राफ स्टाइल’ या एका शैलीवरून ठरते. पुष्कळ जण सगळा मजकूर निवडून वरच्या पट्टीतून फॉन्ट बदलतात. मात्र तो बदल त्या मजकुरापुरताच राहतो आणि पुढच्या दस्तऐवजात तीच खटपट पुन्हा करावी लागते. त्यामुळे बदल शैलीतच करणे इष्ट.

एफ11 ही कळ दाबली की बाजूला शैलींची यादी उघडते. तिच्यातील ‘डीफॉल्ट पॅराग्राफ स्टाइल’वर उजवी क्लिक करून ‘एडिट’ निवडावे आणि ‘फॉन्ट’ या टॅबवर जावे. देवनागरीत लिहिणारे अडतात ते येथेच. रायटर लॅटिन लिपीसाठी एक आणि देवनागरीसारख्या लिपींसाठी दुसरा फॉन्ट ठेवतो, आकार व भाषाही दोन्हींसाठी स्वतंत्र असतात. त्यामुळे केवळ ‘वेस्टर्न’ विभागात फॉन्ट बदलल्यास मराठी मजकूर जसाच्या तसा राहतो. ‘कॉम्प्लेक्स’ विभागात (जुन्या आवृत्त्यांत ‘सीटीएल’) युनिकोड (सर्व लिपींच्या अक्षरांना ठरावीक संकेत देणारी प्रमाण पद्धत) देवनागरी फॉन्ट, हवा तो आकार आणि भाषा म्हणून मराठी निवडावी. हा विभाग दिसतच नसेल, तर ‘टूल्स’मधील ‘ऑप्शन्स’ उघडून भाषांच्या सेटिंगमध्ये ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ सुरू करावे. जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टांत टंकलेला मजकूर मात्र रायटरच्या लेखी लॅटिनच असतो, म्हणून त्याला हा विभाग लागू पडत नाही.

ओळींमधील अंतर ‘इंडेंट्स अँड स्पेसिंग’ टॅबमध्ये ठरवता येते. तेथे ‘फिक्स्ड’ हा पर्याय टाळावा, कारण दिलेले अंतर अपुरे पडले तर वेलांट्या, रफार आणि उकार छाटले जातात. ‘प्रपोर्शनल’ निवडून टक्केवारी थोडी वाढवलेली बरी.

इतर परिच्छेद-शैली या मूळ शैलीचे गुण घेतात, परंतु जिथे एखाद्या शैलीला स्वतःचा फॉन्ट दिलेला आहे तिथे तोच चालतो. ‘हेडिंग’चे असेच असल्याने शीर्षकांचा फॉन्ट तिच्यात वेगळा बदलावा लागतो.

इतके केले तरी बदल उघड्या दस्तऐवजापुरताच असतो. तो कायम करण्यासाठी हा दस्तऐवज टेम्प्लेट, म्हणजे नव्या दस्तऐवजांचा नमुना, म्हणून साठवावा लागतो. त्याआधी चाचणीपुरता लिहिलेला मजकूर पुसून टाकावा, अन्यथा तो प्रत्येक नव्या दस्तऐवजात उमटेल. मग ‘फाइल’मधील ‘टेम्प्लेट्स’मधून ‘सेव्ह अ‍ॅज टेम्प्लेट’ निवडून नाव द्यावे, ‘माय टेम्प्लेट्स’ हा वर्ग निवडावा आणि ‘सेट अ‍ॅज डीफॉल्ट टेम्प्लेट’ या चौकटीत खूण करावी. यापुढचे नवे दस्तऐवज या शैलीत उघडतील, आधीचे मात्र बदलणार नाहीत. शैली बदलूनही एखादा परिच्छेद जुन्याच रूपात राहिला, तर त्याला पूर्वी थेट स्वरूपण (शैलीऐवजी मजकूर निवडून हाताने केलेले बदल) दिलेले असण्याचा संभव असतो. असा परिच्छेद निवडून कंट्रोल आणि एम या कळा एकत्र दाबल्यास ते निघून जाते, मात्र त्यासोबत हाताने दिलेला ठळक आणि तिरपा ठसाही जातो.