गिटार सातात, ड्रम चारात

प्रोग्रेसिव्ह मेटलचा (हेवी मेटलचा गुंतागुंतीच्या तालांचा प्रकार) रिफ, म्हणजे पुन्हापुन्हा येणारा गिटारचा तुकडा, गुंतागुंतीचा व्हावा म्हणून दर बारला (तालाच्या एका फेरीला) ताल बदलत बसू नका, गाणं तुटक होतं. ड्रम सरळ चारात, म्हणजे दर बारला चार ठोके असे ठेवा आणि फक्त गिटार सातात फिरवा. स्वीडनच्या मेशुगा बँडचं वादन ऐकलंत तर ही युक्ती किती दमदार आहे ते कळेल.

गिटार हातात घेण्याआधी रिफ तोंडाने म्हणा: तकिट तकधिमि. दोन्ही ‘त’वर सगळ्यात जाड तार मोकळी घुमू द्या, बाकीची पाच अक्षरं पाम म्यूटने (तळहाताची कड तारांवर टेकवून) दाबून वाजवा. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ७० ठोक्यांवर, एका ठोक्याला चार अक्षरं. पायाने ठोका धरा. सुरुवातीला पाय गिटारच्या मागे पळेल, तेव्हा थांबून पुन्हा नुसतं म्हणा.

आता हिशेब. चार बारमध्ये ६४ अक्षरं बसतात, साताची नऊ आवर्तनं म्हणजे ६३. उरलेलं एक अक्षर पूर्ण रिकामं सोडा, तारांवर तळहात ठेवून. त्या इवल्याशा शांततेनंतर गिटार, बेस, किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) एकदम समेवर येतात, आणि मला तर रिफमधली हीच जागा सगळ्यात लाडकी आहे.