दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगला पहिल्यांदा जाताना : सांगली-मिरजकरांसाठी

श्रावण मी कडक पाळायचो. महिनाभर थेंब नाही. त्या जोरावर घरच्यांना ऐकवायचो, "बघा, मनात आणलं की सुटते." आणि गणपती विसर्जन करून आलो की पहिली क्वार्टर. म्हणजे सुटत होती, पण सुटलेली राहत नव्हती. ती तशी ठेवायला मला अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या, म्हणजे ए.ए.च्या मीटिंगा उपयोगी पडल्या. नाव सांगत नाही. तिथे आडनाव, गाव, धंदा कुणी विचारत नाही, तोच नियम इथेही.

मीटिंगच्या आधी डॉक्टर. रोजची सवय असेल, सकाळी घेतल्याशिवाय हात कापायचे थांबत नसतील, तर एकदम बंद करू नका. पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होतात, जिवावरही बेततं. सांगलीच्या सिव्हिलला किंवा मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभागात दाखवा आणि रोज किती पिता ते खरं सांगा. आपण तिथेही निम्मंच सांगतो. ए.ए.त औषध मिळत नाही. भिंतींवर 'न सांगता दारू सोडवा' असं रंगवलेलं असतं, त्या वाटेला मात्र जाऊ नका. अशा पुड्यांत काय असतं ते कळायला मार्ग नाही, आणि दारू सोडवायच्या काही गोळ्या पिणाऱ्याच्या नकळत जेवणात घातल्या आणि तो वर प्याला, तर थेट दवाखाना गाठावा लागतो.

आता मीटिंग शोधायची. ए.ए. 1935 साली अमेरिकेत एक शेअर दलाल आणि एक सर्जन, अशा दोन पिणाऱ्यांनी सुरू केलं. भारतात ते 1957 पासून आहे. ए.ए.च्या भारतातल्या वेबसाइटवरून जवळचा समूह विचारता येतो. केंद्र सरकारच्या 14446 या व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर मराठीत बोलता येतं, दोन्ही फुकट. साताऱ्याकडच्यांना डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी उभं केलेलं 'परिवर्तन' व्यसनमुक्ती केंद्र माहीत असेलच, तिथेही विचारा.

फोन लागला की वार आणि वेळ विचाराच, पण खूणही विचारा. मीटिंग बऱ्याचदा शाळेच्या वर्गात किंवा चर्चच्या हॉलमध्ये असते आणि बाहेर पाटी असेलच असं नाही. कुठलं गेट, कितवा मजला, हे न विचारल्यामुळे मी पहिल्या दिवशी गेटपासूनच परत फिरलो होतो. खरं तर मला निमित्तच हवं होतं. आणखी एक विचारा : मीटिंग खुली की बंद? खुलीला बायको, भाऊ, कुणीही सोबत चालतं. बंद फक्त पिणाऱ्यांसाठी.

"ओळखीचं कुणी भेटलं तर?" हा प्रश्न आपल्या गावांत मोठा. त्यावर सोपा उपाय : सांगलीकराने मिरजेला जावं, मिरजकराने सांगलीला. अंतर जेमतेम दहा किलोमीटर. मीही तेच केलं. आत जाऊन बसतो तर दुसऱ्या रांगेत आमच्याच गल्लीतले एक काका. तेही त्याच हिशेबाने मिरजेला आलेले! त्यांनी काही न बोलता शेजारची खुर्ची पुढे सरकवली. येताना आम्ही एकाच बसने आलो, उतरलो मात्र वेगवेगळ्या स्टॉपवर.

आत काय होतं? सुरुवातीला प्रार्थना. देव मानत नसाल तर गप्प उभे राहा, कुणी काही म्हणत नाही. मग एकेक जण पुढे येऊन नाव सांगतो, "मी मद्यपी" म्हणतो आणि आपलंच सांगतो. कुणी मध्ये बोलत नाही, सल्ला देत नाही. तुमची पाळी आली तर "आज फक्त ऐकतो" एवढं पुरे. फी नाही, अर्ज नाही. शेवटी पिशवी फिरते. दहा रुपये टाका किंवा नुसती पुढे द्या. तासा-दीड तासात संपतं.

पण लगेच निघू नका. खरं काम नंतरच्या चहाला होतं. दोघा-तिघांचे नंबर तिथेच घ्या आणि फोन पिण्याआधी करा, प्यायल्यावर नव्हे. मीटिंग शक्यतो संध्याकाळची निवडा. साडेसातला पाय आपोआप बारकडे वळायचे, ती वेळ भरून निघते. एका बैठकीवरून मत बनवू नका. मला पहिल्या दोन कंटाळवाण्या वाटल्या, तिसऱ्या दिवशी एकाने श्रावणाचीच गोष्ट सांगितली आणि मी मान खाली घातली.

घरच्यांसाठी अल-अनॉन नावाच्या वेगळ्या मीटिंगा असतात. तुम्ही जायला तयार नसलात तरी बायकोला किंवा आईला तिथे जाता येतं.

आणि मध्येच घसरलात तर पुढची मीटिंग चुकवू नका. तोंडाला वास असेल तर मागच्या खुर्चीत बसा, त्या दिवशी बोलू नका, पण चहा होईपर्यंत थांबा.